आठवीच्या मुलांच्या दप्तरात तंबाखूच्या पुड्या सापडल्या. शाळेने आणि गावाने काय करावे?

माध्यमिक शिक्षक, वाळवा तालुका (सांगली)

सर्वांना नमस्कार. मी वाळवा तालुक्यातील एका गावच्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. मागच्या आठवड्यात मधल्या सुट्टीनंतर आठवीतल्या एका मुलाला तासाला बसल्या बसल्या दरदरून घाम फुटला, चक्कर आली आणि ओकारी झाली. डबा बाधला असावा असे आम्हाला वाटले, पण शेजारच्या मुलाने हळूच सांगितले की, "सर, त्यानं तंबाखूचा बार भरला होता, आणि तुम्ही वर्गात आलात म्हणून थुंकायच्या ऐवजी गिळून टाकला." त्यानंतर वर्गशिक्षकांनी दप्तरे पाहिली, तेव्हा काही जणांच्या कंपासपेटीतून तंबाखूच्या पुड्या आणि चुन्याच्या डब्या निघाल्या, तर एकाजवळ प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून रबर लावलेला तंबाखू-सुपारीचा मावा मिळाला.

शिक्षकांच्या बैठकीत दोन तट पडले. एका गटाचे म्हणणे असे की, या मुलांची नावे सकाळच्या परिपाठात सर्वांसमोर वाचावीत आणि आठवडाभर त्यांना शाळेत येऊ देऊ नये, म्हणजे बाकीच्यांना जरब बसेल. दुसऱ्या गटाला शाळेच्या नावाची काळजी आहे. त्यांना हे प्रकरण वर्गाबाहेरच जाऊ द्यायचे नाही. मुख्याध्यापकांचा सगळा रोख कुंपणामागच्या पानटपरीवर आहे, आणि तो चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. मात्र मी मुलांशी एकेकट्याने बोललो तेव्हा टपरीचे नाव फार थोड्यांनी घेतले. बहुतेकांचे उत्तर एकच होते: आजोबांची किंवा वडिलांची पुडी आणायला त्यांना रोज दुकानात पाठवले जाते आणि त्यातलीच चिमूटभर ते काढून ठेवतात. एका पालकांना मी हे सांगितले, तर ते म्हणाले, "चिमूटभर तंबाखूच खातोय ना सर, दारू तर पीत नाही."

मुलांना शिक्षा करावी की करू नये, कायद्याचा आधार नेमका कोठे आणि किती मिळतो, आणि ज्यांना आधीच सवय जडली आहे त्यांच्याशी कसे बोलावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

---

दंतवैद्य, मिरज

सर, ज्या मुलाला ओकारी झाली त्याच्यापासूनच सुरुवात करतो. नवख्या शरीरात निकोटिन एकदम गेले की मळमळ, घाम आणि चक्कर ही लक्षणे दिसतातच. मुले यावरून असा अर्थ काढतात की, आपल्याला अजून 'सवय' झालेली नाही, थोडी वाढवली की त्रास होणार नाही. तो अर्थ दुर्दैवाने बरोबर असतो, कारण मेंदू निकोटिनला फार लवकर सरावतो आणि किशोरवयातला, अजून घडत असलेला मेंदू तर प्रौढांपेक्षाही लवकर. चुन्यामुळे तंबाखूतले निकोटिन गालाच्या आतल्या नाजूक अस्तरातून भराभर रक्तात उतरते. म्हणूनच चुना मळल्याशिवाय खाणाऱ्याला मजा येत नाही. तुम्ही विज्ञान शिकवता, तेव्हा आम्ल आणि अल्कली या धड्यात ही गोष्ट सहज सांगता येईल, आणि उपदेशाच्या तासापेक्षा ती मुलांच्या जास्त लक्षात राहील.

आता माव्याबद्दल. माझी खरी काळजी तंबाखूच्या पुडीपेक्षा त्या माव्याची आहे. त्यात तंबाखूबरोबर कातरलेली कच्ची सुपारी असते, आणि सुपारी ही स्वतःच कर्करोगकारक आहे, तिला तंबाखूच्या सोबतीची गरज नाही. सुपारीने गालाच्या आतले अस्तर हळूहळू ताठर होत जाते आणि तोंड उघडणे कमी होते. आमच्याकडे मावा आणि गुटखा खाणारी कॉलेजवयीन मुले येतात, तेव्हा अनेकदा त्यांची पहिली तक्रार 'तिखट अजिबात सोसत नाही' एवढीच असते. घरच्यांना वाटते, पोरगं नखरे करतंय. तपासायचे झाले तर साधी रीत अशी की, मुलाने स्वतःच्याच हाताची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून दातांच्या मधे घालावीत. तीन बोटे सहज जात असतील तर ठीक. दोनच जात असतील, किंवा गालाच्या आत पांढुरके पट्टे हाताला लागत असतील, तर त्याला त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे पाठवा. ताठर झालेले अस्तर पुन्हा पूर्ववत होत नाही. सुपारी थांबवून ते जेथे आहे तेथे रोखणे आणि व्यायामाने व औषधाने थोडी सुधारणा करणे एवढेच हातात राहते. शिवाय अशा तोंडात पुढे कर्करोग होण्याचा धोका जास्त असतो.

परंतु मुलांपुढे पहिल्याच दिवशी कर्करोगाची भीषण चित्रे लावू नयेत, असे माझे मत आहे. पुडीच्या दोन्ही बाजूंवर २०१६ पासून पंच्याऐंशी टक्के जागेत तीच चित्रे छापलेली असतात आणि मुले रोज ती पुडी हातात घेऊन दुकानातून घरी येतात. त्यांची नजर त्या चित्रांना मेली आहे. चौदा वर्षांच्या मुलाला पंचेचाळिसाव्या वर्षी काय होईल याच्याशी काही देणेघेणे नसते. त्याला पुढच्या वर्षी काय होईल हे सांगावे. आपल्या सांगली-सातारा या दोन्ही जिल्ह्यांत सैन्य आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुले घरोघरी आहेत. अपशिंगेसारखी गावे तर सैन्याच्याच नावाने ओळखली जातात. पोलीस भरतीत सोळाशे मीटर धावायचे असते. तंबाखूने नाडीचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि त्याच अंतराला हृदयाला जादा कष्ट पडतात. ही गोष्ट मी सांगितली तर मुले ऐकतात, आणि तालमीतल्या वस्तादांनी सांगितली तर मानतात. म्हणून तुमच्या गावातील वस्ताद किंवा सुट्टीवर आलेला एखादा जवान शाळेत बोलवा. आमच्यासारख्यांच्या भाषणापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

---

निवृत्त मुख्याध्यापक, कोरेगाव (सातारा)

गुरुजी, आपला प्रश्न वाचला. परिपाठात नावे वाचण्याचा विचार कृपया सोडून द्या. नाव पुकारलेला मुलगा तंबाखू सोडत नाही, तो शाळा सोडतो. आणि ज्या मुलाची शाळा आठवीत सुटते, त्याला तंबाखूपासून परावृत्त करणारे माणूसच मग उरत नाही. आठवडाभर घरी बसवणे म्हणजे तर त्याला आजोबांच्या पुडीशेजारी नेऊन बसवणे आहे. पालकांना जरूर बोलवा, पण प्रत्येकाला वेगळे, बंद खोलीत, आणि मुलगा समोर असताना.

कायद्याचे आपण विचारले आहे. २००३ सालच्या सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने अधिनियमात, ज्याला सर्वजण 'कोटपा' म्हणून ओळखतात, कलम ६ मध्ये दोन स्वतंत्र मनाई आहेत. अठरा वर्षांखालील कोणालाही तंबाखूजन्य पदार्थ विकायचा नाही, ही पहिली. आणि कोणत्याही शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे ९१ मीटरांच्या आत, कोणालाही विकायचा नाही, ही दुसरी. हे अंतर शाळेच्या फाटकापासून रस्त्याने चालत मोजायचे नसते, तर कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून चारही दिशांना सरळ रेषेत मोजायचे असते. तुमच्या कुंपणामागची टपरी फाटकापासून वळसा घालून दूर वाटत असली तरी ती बहुधा या वर्तुळात येईल. तसा फलक शाळेने स्वतः फाटकाजवळ लावणे नियमांनुसार आवश्यक आहे; तो लावलेला नसेल तर तक्रार करण्याआधी तेवढे काम उरकून घ्या, नाहीतर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल. दुकानदारावरही बंधने आहेत. त्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस विक्री होत नाही अशी पाटी दर्शनी भागी लावली पाहिजे, माल मुलांच्या सहज हाती लागेल असा मांडता कामा नये, आणि स्वतःच्या लहान मुलाला गल्ल्यावर बसवून त्याच्या हातून तंबाखू विकता कामा नये. शेवटची गोष्ट आपल्या गावांतून सर्रास चालते आणि तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

आता ज्या मुद्द्याला आपण सहज स्पर्श केला आहे, तोच माझ्या मते या सगळ्याचे मूळ आहे. कायद्यात 'मुलाने स्वतः खाण्यासाठी' असे शब्द कोठेही नाहीत. अल्पवयीन मुलाच्या हाती पुडी विकली की गुन्हा झाला. ती आजोबांसाठी होती, वडिलांसाठी होती, की पाहुण्यांसाठी होती, हे कायदा विचारत नाही. कोटपाचा दंड दोनशे रुपयांपर्यंतच आहे, हे खरे आणि खेदाचे आहे. पण २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातील कलम ७७ प्रमाणे मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणे किंवा देवविणे यासाठी सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे कलम उगारून गावात भांडण लावावे असा माझा सल्ला नाही. दुकानदार आणि घरातील वडीलधारे यांच्यापुढे ते एकदा मोठ्याने वाचून दाखवावे, एवढेच पुरे होते.

२०१९ साली देशभर झालेल्या युवा तंबाखू सर्वेक्षणात तेरा ते पंधरा वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के विद्यार्थी कोणता ना कोणता तंबाखूजन्य पदार्थ वापरताना आढळले. आणि धूरविरहित तंबाखू कधीतरी घेतलेल्यांमध्ये सुरुवातीचे मध्यक वय दहा वर्षांच्याही आत, ९.९ वर्षे, निघाले. दहा वर्षांचे पोर स्वतःच्या पैशाने टपरीवर उभे राहत नसते. ते पुडी आणायला जाते, आजोबांच्या तळहातावर तंबाखू मळून देते, चंची आणि चुन्याची डबी कोठे ठेवली आहे हे घरात सर्वात आधी त्यालाच ठाऊक असते. ज्या घरात देवाच्या दिव्याची काडी मुलाच्या हाती द्यायला आई घाबरते, त्याच घरात पुडी मात्र विनासायास त्याच्या हाती दिली जाते. म्हणून आपल्या सभेचा विषय 'मुलांमधील व्यसनाधीनता' असा ठेवू नका. आजोबा मंडळी येणार नाहीत. 'मुलांना तंबाखू आणायला पाठवायचे नाही' एवढा एकच, पाळता येण्याजोगा ठराव मांडा. आजोबांना तंबाखू सोडायला सांगू नका. सत्तरीच्या माणसाला ते जमो न जमो, पण पुडी स्वतः जाऊन आणणे त्यांना निश्चित जमते.

जाता जाता एक सांगतो. जागतिक तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी येतो आणि तेव्हा आपल्या शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीत असतात. वर्षानुवर्षे आपण त्या दिवशी रिकाम्या शाळेत शपथ घेतल्याचे अहवाल पाठवत आलो आहोत. हा कार्यक्रम जूनमध्ये शाळा भरल्यावर पहिल्या पंधरवड्यात घेतला तरी कोणी आपल्याला फासावर देणार नाही. आणि शपथ घेण्यापूर्वी शिक्षकांच्या खोलीमागची भिंत एकदा पाहून घ्यावी. तिच्यावर पिचकाऱ्या असतील तर मुले आपला एकही शब्द मनावर घेणार नाहीत.

---

किराणा दुकानदार, तासगाव तालुका

मी दुकानदाराच्या बाजूने लिहीत आहे, तरी कृपया राग मानू नये. गुरुजींनी सांगितलेली पाटी माझ्या दुकानात लावलेली आहे. पण रोज संध्याकाळी शेजारचे पोर येऊन "अण्णांनी पुडी सांगितलीय" म्हणते, आणि मी नाही म्हटले तर पाच मिनिटांत अण्णा स्वतः येतात, ते पुडी न्यायला नव्हे, तर मला जाब विचारायला: माझ्या नातवावर तुमचा विश्वास नाही का? तंबाखूच्या एका पुडीत मला फार पैसे सुटत नाहीत. पण तंबाखूचे गिऱ्हाईक रोजचे असते, आणि पुडीबरोबर चहापत्ती, साखर, बिस्किटेही तेच नेते. मी एकट्याने नियम पाळला तर ते गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते आणि पोराला पुडी मिळतेच. म्हणजे मुलाचे काहीच वाचले नाही आणि माझा धंदा मात्र गेला.

टपरीवर कारवाई व्हावी याला माझा विरोध नाही, परंतु त्यावर फार विसंबू नये. आमच्याकडे एकदा कारवाई झाली, दंडाची पावती फाडली गेली, आणि दोन दिवसांनी टपरी पुन्हा तेथेच उभी राहिली. दोनशे रुपये हा टपरीवाल्याच्या दृष्टीने दंड नसून भाडे आहे. गुटखा आणि पानमसाल्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कोठे मिळतो हे आठवीतल्या पोरांना तोंडपाठ आहे. २०२० साली सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला बंदी आली, ती मात्र मला शहाणपणाची वाटते. कारण अख्खे पाकीट घेण्याची शाळकरी मुलाची ऐपत नसते, एक कांडी घेण्याची असते. अंमलबजावणी झाली तर.

आमच्या तालुक्यातील अंजनीचे आर. आर. आबा १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कर्करोगाने गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावन्न होते. शरद पवार साहेबांवर २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि आपल्या गुटखा-सुपारीच्या सवयीबद्दल ते नंतर जाहीरपणे बोलले. एवढी मोठी उदाहरणे डोळ्यांसमोर असताना आमच्याकडील टपऱ्यांवरची गर्दी हटलेली नाही. त्यामुळे केवळ भीतीने काम होईल असे मला वाटत नाही, याबाबतीत डॉक्टरसाहेबांशी मी सहमत आहे.

माझी सूचना अशी की, ग्रामसभेत ठराव करताना गावातील सर्व दुकानदार आणि टपरीवाले यांना आधी एकत्र बसवावे आणि एकच तारीख ठरवावी. त्या दिवसापासून कोणत्याही दुकानात मुलाच्या हाती पुडी मिळणार नाही, असे गावाने जाहीर केले म्हणजे नकार देणारा दुकानदार एकटा पडत नाही आणि अण्णांना जाब विचारायला जागाही राहत नाही. ठरावाची प्रत सरपंचांच्या सहीशिक्क्यासह प्रत्येक दुकानाला द्यावी. मी ती काचेत लावून गल्ल्यावर ठेवीन आणि अण्णांना दाखवीन. कायद्याच्या पाटीपेक्षा गावाच्या ठरावाला आमच्याकडे अजून मान आहे.

---

आशा सेविका, पाटण तालुका (सातारा)

सर, या चर्चेत आतापर्यंत सगळे मुलांविषयीच बोलले आहेत, म्हणून लिहीत आहे. दप्तरे तपासून मुलींकडे काही सापडणार नाही, कारण मुलींची तंबाखू दप्तरात नसते, ती घरात मोरीच्या कोनाड्यात असते. मुख्याध्यापक सरांनी ज्या सर्वेक्षणाचा उल्लेख केला, त्यातच मुलांचे प्रमाण ९.६ टक्के आणि मुलींचे ७.४ टक्के होते. म्हणजे अंतर आपण समजतो तेवढे मोठे नाही.

आमच्या भागात आजी सकाळी चुलीवरच्या तव्यावर तंबाखूची पाने काळी पडेपर्यंत भाजते, हाताने चुरते आणि ती मशेरी डबीत भरून ठेवते. नातीची दाढ दुखू लागली की तीच बोटावर घेऊन हिरड्यांना लावायला सांगितली जाते. दाढ बधिर झाल्यासारखी वाटते, दुखणे थांबल्यासारखे होते आणि मुलगी दुसऱ्या दिवशी आपण होऊन डबी उघडते. पुढे ती दिवसातून दोनदा, मग शौचाला जाण्यापूर्वी, मग जेवणानंतर अशी वाढत जाते. विचारले तर मुलगी सांगते, "मी तंबाखू खात नाही, दात घासते." लग्न होऊन दिवस गेल्यावर आम्ही घरी भेटीला जातो तेव्हाही उत्तर हेच मिळते, आणि मशेरीमुळे बाळाचे वजन कमी भरू शकते हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळते.

यात बोलायचे असते ते आजीशी. पण 'मशेरी वाईट' असे म्हणून सुरुवात केली तर आजी डबी लपवते, एवढाच फरक पडतो. मी आधी दाढेविषयी बोलते. कीड लागलेली दाढ ग्रामीण रुग्णालयात दाखवायला मुलीला घेऊन जाऊ, असे सांगते. दाढेचे कारण मिटले की मुलीच्या हातात डबी देण्याचे निमित्तही मिटते. शाळेच्या आरोग्य तपासणीला पथक येईल तेव्हा दात आणि हिरड्या नीट पाहण्याची विनंती सरांनी अवश्य करावी, आणि मुलींना विचारताना 'तंबाखू खातेस का' असे न विचारता 'दात कशाने घासतेस' असे विचारावे, आणि शक्यतो मॅडमनी विचारावे.

---

माध्यमिक शिक्षक, वाळवा तालुका (सांगली)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. ही सर्व उत्तरे मी मुख्याध्यापकांना वाचून दाखवली. परिपाठात नावे वाचण्याचा विषय संपला आहे. येत्या ग्रामसभेपुढे मुलांना पुडी आणायला न पाठवण्याचा ठराव ठेवण्यास सरपंच तयार आहेत, आणि दुकानदार भाऊंच्या सूचनेप्रमाणे त्याआधी दुकानदारांची बैठक घेण्याचे ठरले आहे. ताईंनी सांगितलेली गोष्ट आमच्या कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. आमच्या शिक्षिका मुलींशी बोलणार आहेत.

दोन शंका मात्र उरल्या आहेत. एक मुलगा पाचवीपासून रोज तंबाखू खातो. त्याला स्वतःला सोडायची आहे, परंतु अर्धा दिवस मिळाली नाही की तो चिडतो, त्याचे डोके दुखते आणि तो वर्गातून उठून जातो. त्याला आम्ही शाळेत काय मदत करू शकतो? दुसरी शंका ऊसतोड कामगारांच्या मुलांची. दिवाळीनंतर कारखान्यांचा हंगाम रंगात आला की गावाबाहेर त्यांच्या कोपी, म्हणजे झोपड्या, पडतात आणि त्यांतील काही मुले आमच्या शाळेत येतात. आई-वडील पहाटे अंधारात उसाच्या फडावर जातात, तंबाखूने भूक मरते असे ते उघडपणे सांगतात, आणि मुलेही तेच करतात. ग्रामसभेचा ठराव त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही.

---

दंतवैद्य, मिरज

पहिल्या शंकेचे उत्तर देतो. चिडचिड, डोकेदुखी, झोप न येणे, अभ्यासात लक्ष न लागणे ही निकोटिन सुटत असल्याची लक्षणे आहेत. ती उद्धटपणा म्हणून घेऊ नयेत, हे सर्व शिक्षकांना आधी सांगून ठेवा. पहिले दोन-तीन दिवस ती सर्वात तीव्र असतात आणि त्यानंतर दोन ते चार आठवड्यांत बरीचशी ओसरतात. प्रत्यक्ष तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. तेवढ्या वेळात त्याला उठून पाणी पिऊन येण्याची, व्हरांड्यात एक फेरी मारण्याची परवानगी असावी, आणि त्यासाठी त्याला दर वेळी कारण सांगावे लागू नये. तोंडात ठेवायला बडीशेप, लवंग किंवा भाजलेले तीळ चालतील. सुपारी मुळीच नको, 'साधी' म्हणून मिळणारीही नको. तंबाखू सोडणाऱ्यांपैकी अनेकजण नकळत सुपारीवर जातात आणि आगीतून फुफाट्यात पडतात.

सुरुवात शनिवारी-रविवारी करू नका. सुट्टीत तो घरी पुडीजवळ असेल आणि तुम्ही जवळ नसाल. सोमवारी सुरुवात केली तर पहिले कठीण दिवस शाळेत, मित्रांमध्ये आणि तुमच्या नजरेसमोर जातील. निकोटिनचे च्युइंगम औषधाच्या दुकानातून आणून स्वतःच्या मनाने त्याला देऊ नका. या वयात ते डॉक्टरांनी तपासून सांगितल्याशिवाय देत नाहीत. केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही विनाशुल्क मदतवाहिनी आहे, तेथे समुपदेशक बोलतात आणि पाठपुराव्यासाठी पुन्हा फोनही करतात. पहिला फोन तुमच्या फोनवरून, तुमच्या खोलीत, पण तुम्ही बाहेर उभे राहून होऊ द्या. तो पुन्हा एखाद्या दिवशी खाऊन आला तर आधीचे दिवस वाया गेले असे त्याला म्हणू नका. काय झाले, कोणी दिली, एवढे विचारा आणि दुसऱ्या दिवसापासून पुढे चला.

---

निवृत्त मुख्याध्यापक, कोरेगाव (सातारा)

ऊसतोडीच्या मुलांसंबंधी एक व्यवहाराची गोष्ट सुचवतो. त्या कुटुंबांना ग्रामसभा दूरची असली तरी त्यांना कामावर आणणारा मुकादम जवळचा असतो. मजुरीची आगाऊ उचल त्याच्या हातून मिळालेली असते, गावातल्या दुकानातील उधारीही बहुधा त्याच्याच शब्दावर चालते, आणि कोपीवरून पुडी आणायला येणारे पोर त्याच खात्यावर पुडी नेते. म्हणून हंगाम सुरू होताच शाळेने आणि दुकानदाराने मुकादमाला भेटावे आणि खात्यावरचा तंबाखूचा माल फक्त मोठ्या माणसाच्याच हाती दिला जाईल, असे त्याच्या तोंडून कोपीवर सांगवून घ्यावे. दुकानदारालाही हे सोयीचे आहे. लहान पोराने काय नेले यावरून हंगामाच्या शेवटी होणारी हिशेबाची भांडणे त्याने टळतात.

भुकेचा प्रश्न मात्र ठरावाने सुटणार नाही. हंगामात नव्याने आलेल्या मुलांची नावे हजेरीपटावर चढवायला शाळा कागदपत्रांसाठी पंधरा-पंधरा दिवस लावते आणि तोपर्यंत ते मूल पोषण आहाराच्या पंगतीत बसावे की नाही, याविषयी संकोच चालतो. कारखान्याच्या गट कार्यालयाकडून कोपी कोठे पडणार हे आधी समजते. तेवढी माहिती दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मिळवा आणि सहावी ते आठवीच्या मुलांना पहिल्याच दिवसापासून दुपारच्या जेवणाला बसवा. कागद मागाहून येऊ द्या.